एएम स्टेशनचा सिग्नल मोजायला शिकताना

नवीन मुलं एएम रेडिओचा सिग्नल मोजायला बसली की रिसीव्हरच्या एस-मीटरवरचा (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्यावरचा) आकडा लिहितात आणि पुढच्या स्टेशनकडे वळतात. त्या आकड्यात तुमचा अँटेना, एजीसी (सिग्नल किती वाढवायचा हे रिसीव्हर आपोआप ठरवतो ती सोय) आणि आजूबाजूची खरखर सगळं मिसळलेलं असतं. एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर) वापरत असाल तर आधी एजीसी बंद करा, गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, एकाच जागी ठेवा. एरवी दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

मोजण्याआधी कागदावर अंदाज काढा. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर, ट्रान्समीटर 100 किलोवॉटचा. आदर्श जमिनीवर आखूड उभ्या मास्टमधून (अँटेनाच्या खांबातून) 1 किलोवॉट सोडला तर 1 किलोमीटरवर सुमारे 300 मिलिव्होल्ट प्रति मीटर मिळतात. शक्ती शंभरपट केली की सिग्नलचं विद्युत क्षेत्र दहापट होतं, म्हणजे 3 व्होल्ट प्रति मीटर. अंतर वीसपट झालं की ते विसावा हिस्सा उरतं, म्हणून 20 किलोमीटरवर हिशेबाने 150 मिलिव्होल्ट यायला हवेत. प्रत्यक्षात त्याहून कमी येतात, कारण जमीन वाटेत सिग्नल खाते. किती खाल्ला, हेच तर शोधायचं असतं. समुद्रावरून हाच सिग्नल कितीतरी लांब जातो, कारण खारं पाणी उत्तम वाहक आहे.

आता लूप अँटेना, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा अँटेना. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. लूपची कड स्टेशनकडे असताना सिग्नल जास्तीत जास्त येतो, पण तिथे लूप थोडा फिरवला तरी आकडा फारसा हलत नाही. उलट लूपचं तोंड स्टेशनकडे वळवलं की एका बारीक कोनात निवेदकाचा आवाज एकदम बुडतो. हा नल, म्हणजे सिग्नल बुडण्याची ही जागा, आधी पकडा, मग लूप काटकोनात फिरवून आकडा घ्या. नल नकाशावरच्या दिशेशी जुळत नसेल, किंवा आवाज नीट बुडतच नसेल, तर जवळची वीजवाहिनी, कुंपणाची तार किंवा पत्र्याची शेड तोच सिग्नल पुन्हा फेकते आहे. ती जागा सोडा. आकडा कितीही छान आला तरी सोडा.

नलमध्ये जे शिल्लक राहतं तेही लिहून ठेवा. तो त्या जागेचा गोंगाट असतो: इन्व्हर्टर, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर. सिग्नल आणि गोंगाट यांत 30 डेसिबलचं अंतर असेल तर बातम्या आरामात ऐकता येतात. 10 वर आलं की शब्द शोधावे लागतात. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने स्टेशनची खरी ताकद हे अंतरच आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये तगडा सिग्नलही खरखरीत हरवतो आणि माळावर त्याच्या दहाव्या हिश्श्याचा सिग्नल स्वच्छ लागतो.

मोजमाप भर दुपारी करा. दिवसा आयनांबरातला (उंचावरच्या विद्युतभारित हवेतला) डी थर आकाशमार्गे येणाऱ्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे फक्त जमिनीलगतचा सिग्नल हाती लागतो. सूर्य मावळला की लांबची स्टेशनं त्याच फ्रिक्वेन्सीवर येऊन बसतात आणि आकडा मिनिटागणिक वरखाली होतो. रात्रीची नोंद घ्यायचीच असेल तर वेगळ्या वहीत घ्या. ती दुपारच्या सरासरीत घालू नका.