पॅकेज आहे, पण तुमच्या पायथनसाठी नाही: या चुका टाळा

पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप म्हणतं, 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड'. आपण स्पेलिंग तपासतो, नेट तपासतो, वायफायला शिव्या घालतो. पॅकेज मात्र जागच्या जागी असतं. त्या लाल ओळीच्या वर 'इग्नोर्ड द फॉलोइंग व्हर्जन्स' अशी सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते. ती कुणी वाचत नाही, आणि खरं कारण तिथेच असतं: कोणत्या व्हर्जनला कोणतं पायथन चालतं. तिथे '३.१२ च्या आतलं' असं लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे ३.१२ असेल, तर शंभरदा इन्स्टॉल मारून काही होणार नाही.

याहून छळवादी प्रकार वरची मर्यादा लिहिलेलीच नसते तेव्हाचा. आकडेमोडीचं पॅकेज नमपाय १.२४ घ्या. त्याला ३.८ किंवा पुढचं पायथन हवं, एवढंच लिहिलंय. ३.१२ वर त्याचं तयार व्हील (आधीच बांधलेली, थेट बसणारी फाइल) नाही, म्हणून पिप निमूटपणे सोर्स म्हणजे मूळ कोड उतरवून बिल्ड करायला बसतं आणि पानभर एरर ओकतं. त्यात 'डिस्टयुटिल्स' किंवा 'इम्पइम्पोर्टर' दिसलं, की कंपायलर शोधत बसू नका. या दोन्ही गोष्टी ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून काढून टाकल्यात. जीबी-जीबीची बिल्ड टूल्स उतरवणारे मी पाहिलेत (एकदा मीही त्यांत होतो). नमपाय १.२६ घेतलं की ३.१२ वर दोन सेकंदांत बसतं. जुनंच हवं असेल, तर शेजारी पायथन ३.११ टाका. व्हीलच्या फाइलच्या नावात 'सीपी३११' असं असतं, म्हणजे ते पायथन ३.११ साठी; ते एकदा बघायची सवय लावा.

उबंटूवर सिस्टिमचं पायथन बदलू नका. मी पायथनची लिंक दुसऱ्या व्हर्जनकडे फिरवली आणि टर्मिनलच उघडेना, कारण ते उघडणारी स्क्रिप्टसुद्धा पायथनमध्येच होती.

'इग्नोर-रिक्वायर्स-पायथन' हा पिपचा पर्याय पायथन व्हर्जनची तपासणी गप्प करतो, कोड दुरुस्त करत नाही. इन्स्टॉल होतं, आणि मग इम्पोर्ट करताना रडतं.

आणखी एक गैरसमज: नवीन व्हेन्व्ह (प्रोजेक्टच्या पॅकेजेससाठी वेगळा फोल्डर) केला की पायथन बदलतं. नाही बदलत. ज्या पायथनने व्हेन्व्ह केला, तेच आत असतं. आधी ३.११ टाका, त्याच्याच कमांडने व्हेन्व्ह बनवा, आत शिरून व्हर्जन विचारा. जुना फोल्डर सरळ उडवा. त्यातली पॅकेजेस रिक्वायरमेंट्सच्या फाइलमधून, म्हणजे पॅकेजेसच्या यादीतून, पुन्हा घेता येतात.