पहिल्या गुन्ह्याला सूट मागायची असेल तर

मी 26 वर्षं परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, म्हणजे आरोपीच्या घरची चौकशी करून कोर्टाला अहवाल द्यायचा आणि सुटल्यावर त्याच्यावर देखरेख ठेवायची. त्यातली शेवटची 11 वर्षं इचलकरंजीच्या बाजूला. माझ्याकडे आरोपींचे आई-वडील, मामा, चुलते यायचे ते बहुतेक वेळा शिक्षा सुनावून झाल्यावर. मग अपिलाशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून आधी वेळेचं सांगते. कोर्टानं दोषी ठरवलं की शिक्षेबद्दल काय म्हणायचंय ते विचारलं जातं. त्याच वेळी वकिलांनी अपराधी परिविक्षा अधिनियम, 1958 खाली तुरुंगात न पाठवता सोडण्याची विनंती करायची. वकिलांना हे आठवडाभर आधी आठवण करून द्या, त्यात संकोच नको.

कायदा थोडक्यात असा. कलम 3 खाली साधी चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं. कलम 4 जास्त व्यापक आहे. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते असे गुन्हे सोडून इतरांत चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, घेऊन सोडता येतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. मुलगा 21 वर्षांच्या आतला असेल तर कलम 6 प्रमाणे कोर्टाला आमचा अहवाल मागवावाच लागतो, आणि तुरुंगात पाठवायचं तर कारणं लिहावी लागतात. लाचखोरी आणि बहुतेक अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना ही वाट बंद आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल किंवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. तेही वकिलांना विचारा.

आता अहवालाचं. आम्ही घरी येतो तेव्हा घर सारवून, पोराला इस्त्रीचा शर्ट घालून बसवलेलं असतं. त्याची गरज नाही. मी विचारायचे ते असं: सकाळी याला उठवतं कोण? पगार कोणाच्या हातात पडतो? रात्री जेवायला कोण थांबतं? एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता, माग कारखान्यात कांड्या भरायचा. त्यानं मागाची मोटर चोरून भंगारात विकली. त्याची आई आधी म्हणाली, "मॅडम, माझं लेकरू तसं नाही, पोरांनी फसवलं." मी चहा घेतला आणि बसून राहिले. मग तिनं सांगितलं की नवरा पितो, पोराचा पगार शनिवारीच काढून घेतो, आणि मोटर गेली त्या आठवड्यात घरात पीठ नव्हतं. त्यानं मोटर स्वतःच विकली हेही तिनं कबूल केलं. तिच्या खरं बोलण्यामुळेच माझ्या अहवालाला वजन आलं. पगार आईच्या हाती देण्याची सूचना मी त्यातूनच लिहिली. घरातली वाईट गोष्ट लपवू नका. ती कळली तरच तिच्यावर इलाज लिहिता येतो.

बंधपत्राला जामीनदार म्हणून पुढारी आणू नका. ज्याच्या शब्दाखातर पोरगा मान खाली घालतो असा माणूस आणा. इथं तो शेजारचा शिंपी होता, अंगठा देणारा, पण तीस वर्षं त्याच गल्लीत दुकान असलेला. आरोपी किंवा जामीनदार यांपैकी एकाचा तरी त्या कोर्टाच्या हद्दीत कायमचा पत्ता किंवा नियमित काम असावं लागतं.

ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जायलाच हवं, पण खटला चालू असताना परस्पर नको. साक्षीदारावर दबाव आणला असं ठरलं तर जामीन जातो. दोषी ठरल्यावर, वकिलांमार्फत विचारून जा. आम्ही गेलो तेव्हा मालकानं मोटरची किंमत सांगितली, साडेचार हजार. मग कोपऱ्यातल्या विणकराकडे बोट दाखवलं. त्याच्या चार मागांपैकी एक चार दिवस बंद होता आणि त्याला मजुरी मीटरवर मिळते. पोराला हे ठाऊकच नव्हतं. तो त्या विणकराच्या हाताखाली काम केलेला होता. तिथं तो पहिल्यांदा रडला, कोर्टात नाही. कलम 5 खाली कोर्टानं भरपाई ठरवली, महिना पाचशे. विणकराची बुडालेली मजुरी आदेशात नव्हती. ती शिंप्यानं सुचवली आणि पोरानं फेडली.

मी प्रत्येकासाठी शिफारस केली नाही. ज्या घरी मार खाणारी बायकोच आहे, तिथं "घरी सोडा" असं मी कधी लिहिलं नाही. माफी मागितली म्हणून तिनं त्याच छपराखाली राहावं, हे मला आजही पटत नाही.

घर सोबत असणं किती मोलाचं असतं ते मी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला पाहिलं. औंध संस्थानानं 1939 साली वसवलेली ही कैद्यांची खुली वसाहत. भवानराव पंतप्रतिनिधींचं राज्य आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथं बायकापोरांसह शेती करत राहिले. मी गेले तेव्हा एक बाई नवऱ्याला शेतात भाकरी घेऊन निघाली होती.

सुटल्यावर देखरेखीचा आदेश असेल तर तो किमान एक वर्षाचा असतो. तारखेला या. कामाचा दिवस बुडणार असेल तर आधी फोन करा, आम्ही तारीख पुढे देतो. न सांगता गैरहजर राहिलात किंवा पत्ता बदललात तर कोर्ट बोलावतं. पहिल्यांदा अट मोडल्यास 50 रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवता येतं, पण मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. निकालाची प्रमाणित प्रत काढून घ्या, दोन काढा. कलम 12 प्रमाणे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता तुम्हाला लागत नाही, पण दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही. म्हणून नोकरीच्या अर्जात विचारलं तर खरं लिहा आणि खाली ही प्रत जोडा. त्या पोरानं ती प्रत शिंप्याच्या दुकानात, कापडाच्या कपाटात ठेवली होती, बापाच्या हाती लागू नये म्हणून.