जिम्नॅस्टिक्स: सरावाचे तास वाढवण्यापूर्वी या चुका टाळा

स्पर्धा जवळ आली आणि एखादी कसरत वारंवार फसू लागली, की बहुतेक ठिकाणी सरावाचा वेळ वाढवला जातो. हा उपाय बरेचदा अंगाशी येतो, कारण दमलेले शरीर चुकीची हालचालही तितक्याच इमानाने गिरवते आणि एकदा अंगवळणी पडलेला दोष काढणे हे नवी कसरत शिकवण्यापेक्षा अवघड असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दोष जिथे दिसतो तिथेच त्याचे मूळ शोधणे. हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटे उभे राहताना, कंबर मागे वाकली, की ‘पोट आत घे’ ही ठरलेली सूचना मिळते. परंतु खांदे पुरेसे उघडत नसतील, तर तोल सांभाळण्यासाठी शरीर कमरेतूनच वाक काढते आणि सूचना कितीही वेळा दिली तरी रेषा सरळ होत नाही. याची तपासणी सोपी आहे. खेळाडूला पाठीवर झोपवावे आणि कंबर जमिनीला टेकलेली ठेवून सरळ हात कानांजवळून डोक्यामागे नेण्यास सांगावे. हात जमिनीला टेकण्यापूर्वीच कंबर उचलली गेली, तर आधी खांद्यांवर काम करावे लागेल. हे टाळले, तर तोच वाक बॅक हँडस्प्रिंगमध्ये (मागे झेपावून हातांवरून पुन्हा पायांवर येण्याची उडी) आणि त्यानंतर शिकलेल्या प्रत्येक मागे घ्यायच्या उडीत शिरतो, आणि मणक्याच्या खालच्या भागावर पुन्हा पुन्हा ताण पडून तेथे स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर) होण्याचा धोका वाढतो.

लँडिंगचेही तसेच. छोटे पाऊल सरकले तर ०.१, मोठे पाऊल पडले तर ०.३ आणि खेळाडू पडला तर पूर्ण १ गुण कापला जातो; साहजिकच मुले गुडघे ताठ ठेवून जागीच थांबू पाहतात आणि गुडघ्याचे अस्थिबंध धोक्यात आणतात. खरे पाहता, पाऊल सरकण्याचे कारण बहुधा टेक-ऑफमध्ये असते: उडीला उंची मिळाली नाही, की फिरणे पूर्ण व्हायच्या आतच जमीन येते.

तासांबाबत एक ढोबळ मर्यादा सुचवली जाते: मुलाचे जितके वय, त्याहून अधिक तास आठवड्याला सराव नको. उच्च स्तरावर ती सर्रास ओलांडली जाते. माझ्या मते नुसते तास मोजणे अपुरेच आहे; कडक पृष्ठभागावरील लँडिंग आणि हातांवर भार येणारी आवर्तने यांचीही नोंद हवी. हातांवर भार देताना मनगटात, विशेषतः अंगठ्याच्या बाजूला, दुखत असेल, तर पट्टी बांधून सराव रेटू नये. वाढत्या वयात तेथील ग्रोथ प्लेटला, म्हणजे हाड जिथून वाढते त्या भागाला, इजा झालेली असू शकते आणि ती डॉक्टरांनीच तपासायला हवी.

दुखापतीनंतर घाईने परतण्याची किंमत किती मोठी असते, हे येलेना मुखिना या सोव्हिएत जिम्नॅस्टच्या बाबतीत दिसले. १९७८ची ही जागतिक विजेती पाय मोडल्यानंतर पूर्ण बरी झालेली नसतानाच १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकची तयारी करत होती. थॉमस सॉल्टो या हवेत फेरे घेण्याच्या धोकादायक कसरतीच्या सरावात उडीला पुरेशी उंची मिळाली नाही, ती हनुवटीवर आदळली आणि मानेच्या इजेमुळे कायमची अपंग झाली. वेदना थांबली म्हणून पायातील ताकद परत आली असे होत नाही. एका वेळी एकाच पायावर घेतलेली उडी दोन्ही पायांनी जवळपास सारखी होईपर्यंत जुनी कसरत सुरू करू नये.

फोम पिट (मऊ फोमच्या तुकड्यांनी भरलेला सरावाचा खड्डा) असला म्हणजे भीती नाही, हाही एक गैरसमज. फोममध्ये डोके आधी गेले, तर तेथेही मान मोडू शकते.

ट्विस्ट, म्हणजे शरीराच्या उभ्या अक्षाभोवतीचा फेरा, घेताना हवेत दिशाभान सुटण्याच्या अवस्थेला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, ती याच कारणाने. ‘घाबरू नकोस, पुन्हा कर’ हा येथे सर्वांत वाईट सल्ला ठरतो. ट्विस्ट तात्काळ थांबवावेत, साध्या सरळ उडीपासून सुरुवात करून आधी अर्धा आणि मग पूर्ण फेरा असे मऊ मॅटवर पुन्हा चढत जावे, आणि त्यासाठी स्पर्धा सोडावी लागली तर ती सोडावी.