फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग जड झालंय? ऑर्बिट्रॉल खोलण्याआधी हे तपासा

तळोजा, महापे, भिवंडी, कुठल्याही गोदामात जा, स्टिअरिंग जड झालं की पहिला निकाल ठरलेला: ऑर्बिट्रॉल (स्टिअरिंगखालचा, ऑइल मोजून देणारा व्हॉल्व्ह) गेला. तो बदलूनही स्टिअरिंग जसंच्या तसं राहिलं, तर पैसे पाण्यात. म्हणून महागडा भाग शेवटी बघायचा.

हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंग आणि वळणारी मागची चाकं यांना जोडणारा दांडा नसतो, मधे फक्त ऑइल असतं. ऑर्बिट्रॉल ते मोजून मागच्या सिलिंडरला देतो. त्यामुळे बिघाड एक तर ऑइलच्या वाटेवर असतो, नाही तर चाकांच्या सांध्यात.

आधी ऑपरेटरला विचारा, जड नेमकं कधी लागतं? रेस दिल्यावर हलकं होत असेल तर पंप थकलाय किंवा ऑइल कमी पडतंय. माल उचलतानाच जड होत असेल तर संशय प्रायॉरिटी व्हॉल्व्हवर, म्हणजे ऑइल आधी स्टिअरिंगला देणाऱ्या व्हॉल्व्हवर. एकाच बाजूला जड असेल तर पंपाला हात लावू नका, सिलिंडरचा रॉड वाकलाय का बघा. कोल्ड स्टोरेजमधली गाडी सकाळी जड आणि नंतर ठीक असेल, तर ऑइल थंडीने घट्ट होतंय. बॅटरीच्या गाडीत स्टिअरिंगची मोटर वेगळी असू शकते, ती फिरते का ते कानाने ऐका.

मग ऑइल. गाडी सपाट जागी उभी करा, मास्ट (काटे वर-खाली नेणारा खांब) पूर्ण खाली, काटे जमिनीला टेकलेले, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. मास्ट वर असेल तर ऑइल लिफ्ट सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि डिपस्टिक उगाच कमी दाखवते. फेस दिसला तर सक्शनच्या, म्हणजे पंप टाकीतून ऑइल ओढतो त्या बाजूने हवा शिरतेय, क्लिप आणि होज बघा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, ऑइल बदला आणि टाकीतली जाळीही धुवा. गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचं ऑइल कातडीत घुसतं. त्याऐवजी पुठ्ठा धरा, गळती असेल तर त्यावर ऑइल दिसेल.

आता खरी परीक्षा. पुढच्या चाकांना ओट (चाक अडवायचा ठोकळा) लावा, मागून गाडी जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर बसवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. इंजिन बंद ठेवून सिलिंडरच्या लिंकची पिन काढा आणि चाक हाताने वळवा. अडकत, कुरकुरत वळलं तर किंग पिनचं (ज्या खिळीभोवती चाक वळतं तिचं) बेअरिंग कोरडं पडलंय. आपल्याकडे पावसाळ्यात यार्डात पाणी साचतं, ग्रीस धुऊन जातं आणि नंतर गंज चढतो. निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस मारत राहा, आधी तांबूस चिखल निघेल, स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत थांबू नका. निपलच चोंदलं असेल तर बदला, स्वस्त असतं.

चाक सहज फिरलं तर दोष ऑइलच्या वाटेवर. पिन परत लावा, मागचा भाग उचललेलाच ठेवून इंजिन मंद चालू करा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, म्हणजे हवा निघते. टोकाला दाबून धरू नका. तरीही जड असेल तर मेकॅनिकला दाब मोजायचं गेज लावायला सांगा आणि दाब गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. गेजशिवाय रिलीफचा (जास्तीत जास्त दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू आवळणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दाब बरोबर असूनही टोकाला पोचलेलं स्टिअरिंग भराभर फिरतच राहत असेल, तर आतल्या आत गळती आहे. इंजिन बंद करून सिलिंडरकडचे दोन्ही होज सोडवायचे, त्यांची तोंडं दाब सोसणाऱ्या स्टीलच्या प्लगने बंद करायची आणि इंजिन मंद चालू करून पुन्हा स्टिअरिंग फिरवून बघायचं. हे काम जाणकाराचंच. आता गच्च थांबलं तर सिलिंडरचं सील गेलंय, फिरतच राहिलं तर ऑर्बिट्रॉल. तो उतरवताना पी (पंप), टी (टाकी), एल (डावा), आर (उजवा) या होजना खुणेच्या चिकटपट्ट्या लावा, एल-आर उलटे लागले तर गाडी डावीकडे वळवताना उजवीकडे जाते.