जुन्या कारखान्यात ब्रुअरी थाटताना या चुका टाळा

घरी बिअरचा 20 लिटरचा घाणा हमखास उत्तम उतरू लागला, की अमेरिकेतल्या अनेक हौशी ब्रुअरना (बिअर बनवणाऱ्यांना) जुन्या कारखान्याच्या विटांच्या भिंती आणि उंच छत खुणावू लागते, आणि मोठ्या घाण्याचा अनुभव गाठीशी नसतानाच भाडेकरारावर सही होते. न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन ब्रुअरीच्या स्टीव्ह हिंडी आणि टॉम पॉटर यांनी 1988 मध्ये बिअर विकायला सुरुवात केली, ती न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथील एका जुन्या ब्रुअरीतून बनवून घेतलेली होती; ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागातील मात्झोच्या (ज्यूंच्या बिनखमिराच्या पावाच्या) जुन्या कारखान्यात स्वतःची ब्रुअरी सुरू व्हायला 1996 साल उजाडले. एवढा धीर धरणे शक्य नसेल, तर निदान सरकारी मंजुरी हाती येईपर्यंत भाड्यात सवलत मिळेल, असे कलम करारात घालून घ्यावे.

सर्वांत महागात पडते ती जमिनीबाबतची बेफिकिरी. 10 बॅरलच्या टाकीत सुमारे 1,170 लिटर बिअर मावते, म्हणजे टाकीचे स्वतःचे वजन सोडून जवळजवळ 1.2 टन भार चार पायांच्या टेकूंवर येतो. पूर्वी येथे अवजड यंत्रे होती, या ऐकीव माहितीवर विसंबू नये, कारण मधल्या काळात कोणी तुळई कापलेली असते, तर कुठे लाकूड आतून कुजलेले असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आधी घ्यावा आणि शक्यतो तळमजलाच निवडावा. जमिनीवर रोज गरम पाणी, कॉस्टिक (टाक्या धुण्याचा तीव्र अल्क) आणि आम्ल सांडणार असल्याने उघडे काँक्रीट झिजत जाते. म्हणून आम्लरोधक थर आणि नालीकडे फुटामागे पाव इंच उतार ही कामे टाक्या येण्यापूर्वीच उरकावीत. टाक्या उभ्या राहिल्यावर साचलेल्या पाण्यावर खराट्याखेरीज उपाय उरत नाही.

भिंतींना हात लावण्याआधी विटांची दरज नखाने खरवडून पाहावी. भुकटी सहज सुटली, तर तो बहुधा चुना आहे. अशा दरजांत कडक सिमेंट भरल्यास ओल विटेतून बाहेर पडू लागते आणि विटेचेच पापुद्रे सुटतात. वाळूच्या माऱ्याने भिंत साफ केल्यास विटेचे भाजलेले कवच जाते. अशा कामांमुळे ऐतिहासिक इमारतींसाठीची 20 टक्के संघीय करसवलतही हातची जाऊ शकते, त्यामुळे आराखड्याची मंजुरी कामापूर्वीच घ्यावी.

तळघरात आंबवण्याच्या टाक्या ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे: 1,000 लिटर बिअर आंबताना साधारण 20 घनमीटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशीच साठतो. तेथे वायुमापक आणि जमिनीलगतची वायुवीजन व्यवस्था हवीच. यात काटकसर करणे जिवावर बेतू शकते.

पहिला मोठा घाणा घरच्यापेक्षा कडू लागला, तर दोष पाण्याला देण्याआधी वेळ मोजावी. मोठा घाणा थंड व्हायला बराच वेळ लागतो आणि तोवर शेवटी घातलेले हॉप्सही (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) कडवटपणा सोडत राहतात. वर्ट (आंबवण्यापूर्वीचे धान्याचे गोड पाणी) 80 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरल्यावर ते घातल्यास सुगंध टिकतो आणि कडवटपणा आटोक्यात राहतो.