गाडी पळतेय, फोटोत मात्र उभी: या चुका टाळा

१९८०चं दशक संपत आलं होतं. धुळ्याजवळच्या माळावर मोटरसायकलींची मातीतली शर्यत होती आणि काकांची याशिका एफएक्स-३ सुपर २००० गळ्यात अडकवून मी गेलो होतो. आत छत्तीस फोटोंचा एकच रोल. कॅमेऱ्यात १/२००० सेकंदच उघडणारं शटर आहे, मग तेच लावायचं, एवढीच अक्कल. आठवड्याने रोल धुऊन आला. सगळे फोटो लख्ख, आणि सगळ्यांत यामाहा आरएक्स १०० अंगणात स्टँडवर लावल्यासारखी. चाकाचा एकेक स्पोक मोजून घ्यावा! फार वाईट वाटलं होतं. आज नव्या पोरांचे फोटो बघताना पहिली दिसते ती हीच चूक.

हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. चाकाचा घेर जवळपास दोन मीटर, म्हणजे सेकंदाला आठेक फेरे. १/२००० सेकंदात चाक जेमतेम दीड अंश फिरतं. फोटोत ते थांबलेलंच दिसणार. १/६० ला तेच चाक पन्नास अंश फिरतं आणि स्पोक विरघळून जातात. तेव्हा १/१२५ पासून सुरुवात करा, हात बसला की १/६०, मग १/३०. अर्थात कॅमेरा गाडीबरोबर फिरवायला हवा. यालाच पॅनिंग म्हणतात.

इथे पुढची चूक होते: बटण दाबताक्षणी हात थांबतो. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकायला गोफण शिकवताना नाना म्हणायचे, "दगड सुटना तरी हात थांबाडू नको रे पोऱ्या." म्हणजे दगड सुटला तरी हात थांबवू नकोस. पॅनिंगचं मर्म मला त्या वाक्यात सापडलं. गाडी पुढे निघून गेली तरी कॅमेरा तिच्यामागे फिरत राहिला पाहिजे. पाय मात्र गाडी जिथून येते तिकडे रोवू नका. जिथे बटण दाबणार त्या जागेकडे रोवा आणि कमरेतून गाडीकडे वळा. गाडी येईल तसा पीळ उलगडत जातो आणि ऐन क्षणी अंग मोकळं असतं. कोपर बरगड्यांना टेकलेले.

फोटो बिघडला तर लगेच डिलीट करू नका. आधी मोठा करून पार्श्वभूमी बघा, दुखणं तिथेच कळतं. मागच्या रेघा सरळ आडव्या आहेत पण गाडीही आडवी फराटली आहे? तुमचा वेग गाडीच्या वेगाशी जुळला नाही. रेघा लाटेसारख्या वरखाली? कॅमेरा उभ्या दिशेने हलतोय, बहुतेक बटणावर बोट आदळतंय. लेन्सच्या स्टॅबिलायझरला, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेला, पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तो लावा. रेघाच नाहीत, सगळं स्थिर? शटर अजून जलद आहे. हेल्मेट स्पष्ट आणि मागचं चाक पुसट, ही मात्र चूक मानू नका. गाडी अगदी समोर काटकोनात नसते तेव्हा तिचं पुढचं आणि मागचं टोक कॅमेऱ्यासमोरून वेगवेगळ्या गतीने सरकतं. चालकाचे डोळे स्पष्ट आले की मला तो फोटो पुरतो.

आता आपलं खानदेशी ऊन. भर दुपारी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता, १०० ठेवून १/३० लावलं तर लेन्सचं छिद्र एफ/२२ इतकं बारीक करूनही फोटो पांढराफटक पडतो. शिवाय छिद्र एवढं बारीक केलं की सेन्सरवरचा प्रत्येक कण आकाशात काळ्या ठिपक्यासारखा उमटतो, आणि काळ्या मातीच्या ट्रॅकवर कणांना तोटा नाही. लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी ८ फिल्टर चढवा; एफ/१० च्या आसपास काम होतं. ट्रॅकच्या कडेला लेन्स बदलू नका. काचेवर धूळ बसली तर गमछ्याने पुसायचा मोह आवरा, कण काचेवर ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारा.

गाडी दिसल्यावर फोकस शोधत बसणं हीही चूकच. कंटिन्युअस फोकस, म्हणजे गाडी सरकेल तसा आपोआप बदलत राहणारा फोकस, लावून गाडी लांब असतानाच तिला पकडा.

आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नका. फोटो तिथून झकास येतो हे मला ठाऊक आहे, पण घसरलेली गाडी तिकडेच येते. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत प्रेक्षक रस्त्याला खेटून उभे होते. एक फोर्ड आरएस २०० गर्दीत घुसली, तीन माणसं गेली, तिसाहून जास्त जखमी झाली. त्या वर्षानंतर ग्रुप बीच्या, म्हणजे या आरएस २०० सारख्या अतिताकदवान गटातल्या, गाड्या जागतिक रॅलीतून बंदच झाल्या. वळणाच्या आतल्या बाजूलाही अडथळ्यामागेच थांबा आणि मार्शल, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षा बघणारा माणूस, सांगेल तिथून मुकाट्याने मागे सरका.

सरावाला शर्यत कशाला हवी? एसटी स्टँडबाहेर, रस्त्यापासून हटून, सुरक्षित जागा धरा. लालपरी फाटकातून निघून वेग घेते तेव्हा तिच्या अंगावरच्या आगाराच्या नावावर फोकस ठेवा. ते नाव फोटोत सरळ वाचता आलं आणि मागची झाडं आडव्या रेघा झाली, की शटर १/३० वर आणा.