सरबतातलं बेंझोएट मोजताना या चुका टाळा

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोकम सरबत आणि आंबा स्क्वॅशच्या बाटल्या भरायला लागल्या की प्रयोगशाळेत बेंझोएट (सरबत टिकावं म्हणून घालतात तो पदार्थ) मोजायच्या नमुन्यांचा ढीग लागतो. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. नमुन्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं, तो अल्कधर्मी करून दोन तास ठेवायचा, गाळायचा. मग हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बेंझोइक आम्ल क्लोरोफॉर्ममध्ये उतरवायचं आणि टायट्रेशन करायचं, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं अल्कली थेंबथेंब घालून ते मोजायचं. तरीही आकडा चुकतो. बहुतेक वेळा ही चूक सेपरेटिंग फनेल (दोन थर वेगळे करायचं, खाली तोटी असलेलं काचेचं भांडं) हातात घेण्याआधीच झालेली असते.

सर्वात जास्त त्रास देतं ते इमल्शन. आंब्याच्या गरातलं पेक्टिन आणि बारीक तंतू क्लोरोफॉर्मच्या थेंबांना वेढून बसतात आणि दोन थरांच्या मधे पिवळसर, साईसारखा जाड पट्टा तयार होतो. तो तासभरही हलत नाही. घाईत दोन तास थांबणं टाळलं किंवा गाळणं उरकलं की हे हमखास होतं. फनेल जोरजोरात हलवू नका. आडवा धरून सावकाश गोल फिरवा, मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडा. पट्टा झालाच तर काचेच्या कांडीने हळुवार ढवळा, नाहीतर सेंट्रिफ्यूज करा. तो पट्टा क्लोरोफॉर्मबरोबर खाली मात्र सोडू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते टायट्रेशनमध्ये मोजलं जातं आणि चांगल्या उत्पादकाचा माल विनाकारण नापास होतो.

पीएच अंदाजाने ठरवू नका. बेंझोइक आम्लाचा पीकेए 4.2 आहे, म्हणजे त्या पीएचला निम्मं आम्ल आयन होऊन पाण्यातच राहतं. पीएच 2 च्या आसपास आणलात की 99 टक्क्यांहून जास्त आम्ल क्लोरोफॉर्ममध्ये जायला मोकळं होतं. कोकमाचा लाल रंग अल्कलीत पालटतो आणि आम्लात परत येतो. त्या रंगावर विसंबू नका, पीएच पट्टी किंवा मीटर वापरा.

सगळं क्लोरोफॉर्म एकदम ओतणं ही वेळ वाचवण्याची चुकीची जागा. समजा वितरण गुणोत्तर, म्हणजे क्लोरोफॉर्ममधल्या आणि पाण्यातल्या तीव्रतेचं प्रमाण, 4 आहे आणि नमुना 100 मिली. 90 मिली एकदाच वापरलंत तर सुमारे 22 टक्के पदार्थ मागे राहतो. तेच 30-30 मिली तीनदा वापरलंत तर जेमतेम 9 टक्के.

क्लोरोफॉर्मची घनता 1.49, संपृक्त मिठाच्या पाण्याची 1.2, म्हणून क्लोरोफॉर्म खाली. ईथर वापरलंत तर ते वर तरंगेल. शंका आली की पाण्याचा एक थेंब टाकून तो कुठल्या थरात मिसळतो ते बघा, आणि निकाल हाती येईपर्यंत कुठलाच थर फेकू नका. तोटीला व्हॅसलिन लावू नका, क्लोरोफॉर्म ते विरघळवतं. टेफ्लॉनची तोटी बरी.

क्लोरोफॉर्म उडवताना उष्णता फार देऊ नका. बेंझोइक आम्लाचं संप्लवन होतं, म्हणजे न वितळता त्याची थेट वाफ होते, आणि ते वाफेबरोबर निघून जातं. शेवटचा भाग फ्यूम हूडमध्ये साध्या हवेवर सुकू द्या. उरलेलं आम्ल ज्या अल्कोहोलमध्ये विरघळवता ते फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकावर आधी उदासीन केलेलं हवं. 0.05 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचा 1 मिली म्हणजे 6.1 मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल. ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवाय तीच कृती केल्यावर येणारा आकडा, वजा केल्याशिवाय हा हिशेब करू नका.